तिसरी तार

चायापातात, समुद्रापासून पावणेचार हजार मीटर उंचीवर,
बेनिता कोंदोरीच्या लॅपटॉपमध्ये एक भुंगा राहतो.
रेकॉर्डिंग सुरू केलं की जागा होतो,
तिच्या प्रत्येक वाक्याखाली एकच सूर धरून बसतो,
तंबोरा लावावा तसा, पण कुणाच्याच गळ्याचा नाही.

केबल बदलली.
माइक बदलला, नवा,
ओरुरोहून बसने आणलेला, मांडीवर धरून.
भुंगा नव्या माइकलाही ओळखत होता.
मग पुतण्याने आवाज गाळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं.
भुंगा गेला,
आणि त्याच्याबरोबर आयमारातला तिसरा त गेला.

कारण या भाषेत त तीन आहेत:
एक साधा, एक आपल्या थ-सारखा, हवा सोडणारा,
आणि एक घशात अडवून टिचकीसारखा उडवायचा.
टिचकीने म्हटलं तर पाव.
हवेने म्हटलं तर चिंधी.
साओ पावलोत, शिवणकामाच्या कारखान्यांमागे वाढणारी
तिची सात मुलं
आठवडाभर घरी म्हणत होती,
आई, चिंधी दे, भूक लागली.
त्यांच्या आया हसल्या,
मग हसायच्या थांबल्या.

बेनिताने गाळणी काढून टाकली.
भुंगा परत आला.

एका रात्री थंडीने बोटं आखडली
म्हणून तिने तळवा लॅपटॉपच्या पत्र्यावर टेकला,
आणि तो गप्प.
उचलला, घूं.
टेकला, गप्प.
बोटांत बारीक मुंग्या.
म्हणजे तिच्यातून काहीतरी उतरत होतं
खुर्चीत, फरशीत, कुठेतरी खाली.
चार्जर उपटला तर मुंग्याही नाहीत, चोख शांतता.
पण बॅटरी म्हातारी, पंचवीस मिनिटांत मान टाकायची.
दोन महिने तिचे सगळे धडे
पंचवीस मिनिटांचे होते.

एलेउतेरियो आला, गालात कोकाची पानं.
सॉकेट उघडलं. तीन भोकं, तीन तारा,
तिसरी हिरवी-पिवळी, सगळं कायद्याने.
तारेच्या मागोमाग तो परसात गेला,
कांबीभोवतीची माती मुठीत घेतली.
ती पिठासारखी बोटांतून सांडली.
मीटर लावला, आकडा पाहिला,
आणि तिला दाखवला नाही.
"पोरी, तार जमिनीत गेली आहे.
जमीन अजून तारेत आलेली नाही."

हे मराठीत सांगते आहे तर सांगूनच टाकते:
आमचे वायरमन याला अर्थिंग म्हणतात.
तिथे अर्थ पोचत नव्हता,
दोन्ही अर्थांनी.

पुरुषभर खड्डा खणला. कोळसा घातला.
मीठ मागावं लागलं नाही,
जवळचं तळं आटून आता नुसतं तेच उरलं आहे.
पाणी मात्र सहा बादल्या लागलं,
आणि बेनिता एकेक मोजत होती.
शेवटी त्याने खिशातून चपटी बाटली काढली,
पहिलं बूच मातीला, दुसरं स्वतःला.
"हे तारेसाठी?"
"हे तिच्यासाठी. नुसतं मागायचं नसतं."
मग बूट झटकून त्याने पैसे मोजून घेतले,
एक नोट फाटकी निघाली, ती बदलून मागितली.

त्या रात्री चार्जर लावून, हात मांडीवर ठेवून,
ती ऐकत बसली.
वारा. लांब एक कुत्रं.
आणि स्वतःच्या नाकाची बारीक शिट्टी,
जी इतके दिवस भुंग्याआड लपली होती.
तिने पाव म्हटलं.
पाव टिचकीसकट गेला.

तिकडून विल्मेरचा आवाज आला, वय आठ.
मागे कुणाचं तरी शिलाई मशीन,
आणि सगळ्याच्या खाली, ओळखीचा,
घूं.

बेनिताला हसू फुटलं.
"थांब. आधी चार्जर काढ.
हं. आता म्हण."